वाक्य कोणाचें?

एकच वाक्य दोन माणसांनीं उच्चारलें तर तें एकच राहतें, कीं त्याचीं दोन वाक्यें होतात? प्रश्न तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांत विचारावा इतका सोपा दिसतो, आणि गेलीं कित्येक वर्षें मी तो वर्गांत विचारीतही आलों आहें. विद्यार्थी उत्तर देतात कीं, वाक्य तेंच. बोलणारा बदलला म्हणून दोन आणि दोन पांच होत नाहींत. या उत्तराला मी गुण देत असें. परंतु २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एका मंत्र्याच्या बोलण्यावरून आमच्या देवळा तालुक्यांत जो कलह माजला, आणि ज्यांत माझें स्वतःचें वर्तन फारसें शोभलें नाहीं, त्यानंतर हें उत्तर मला तितकें निर्विवाद वाटेनासें झालें आहे.

नाशिकहून येतांना भावडबारी ओलांडली कीं देवळा लागतें. तालुक्यांत लोहोणेरजवळून गिरणा वाहते, महामार्गावर उमराण्याचा बाजार भरतो, आणि ज्याच्या शेतांत कांदा नाहीं असा शेतकरी या मुलखांत शोधावाच लागेल. थंडीच्या दिवसांत निघणारा लाल कांदा टिकत नाहीं. मिळेल त्या भावानें तो विकणें भाग असतें. उन्हाळ कांदा मात्र चाळींत भरून ठेवतां येतो, आणि पुढें भाव येईल या आशेवर घर चार-सहा महिने चालतें. ही आशा किती बारीक धाग्यावर टांगलेली असते तें शहरवासी वाचकाला कळावें म्हणून एकच गोष्ट सांगतों. त्याच वर्षीं फेब्रुवारींत सोलापूरच्या बाजारांत एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा विकला. भाडें, हमाली व तोलाई वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. आणि तोही पुढील तारखेचा!

त्या दिवसांत एका संध्याकाळीं माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों, उमराण्याहून ट्रॅक्टर रिकामा करून परत आले आणि ओट्यावर बसले. भाडेंसुद्धां अंगावर आलें होतें. ते म्हणाले, "शहरांतला माणूस सिनेमाला पांचशें रुपये मोजतो, तेव्हां भाव करीत नाहीं. कांदा दहा रुपयांनीं चढला कीं मात्र त्याचें घर बुडतें! नाहीं परवडत तर दोन महिने खाऊं नये. कांद्यावांचून कोण मेलें आहे?" शेजारीं नाना बसले होते. नाना नात्यानें आमचे चुलते, वयानें अण्णांच्या बरोबरीचे. त्यांचा व आमचा बांधाला बांध आणि विहीर सामाईक. ते म्हणाले, "असें बोलूं नये, अण्णा. भाकरीबरोबर कांदा खाणारा गरीबच असतो. त्यानें खाऊं नये असें शेतकऱ्याच्या तोंडून निघणें बरें दिसत नाहीं. सरकार कांहींतरी करील." पुढें मार्चमध्यें सरकारनें क्विंटलमागें ३५० रुपयांचें अनुदान जाहीर केलें, तेव्हां नानांनीं तें अण्णांना दोनदां सांगितलें. राजकारणांत दोघांचे पक्ष दोन आहेत, हें वाचकांनीं एव्हांना ओळखलेंच असेल.

नंतर १९ ऑगस्ट उजाडला. केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें. शुल्क व्यापाऱ्यावर असतें, पण व्यापारी तें आपल्या खिशांतून देत नाहीं; लिलावांत तेवढी बोली कमी करतो. चाळींत उन्हाळ कांदा भरून बसलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. २१ तारखेपासून जिल्ह्यांतील बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. त्याच वेळीं, शेजारच्या मालेगांवचे आमदार, तेव्हांचे राज्याचे बांधकाम मंत्री आणि नाशिकचे पालकमंत्री दादा भुसे पत्रकारांशीं बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता कीं, दहा लाखांची गाडी वापरणाऱ्यानें दहा-वीस रुपये जास्त देऊन माल घ्यावा. ज्याला परवडत नसेल त्यानें दोन-चार महिने कांदा खाल्ला नाहीं तर कांहीं बिघडत नाहीं. कांद्याला कधीं २०० तर कधीं २,००० रुपये क्विंटल भाव मिळतो, आणि शुल्काचा निर्णय समन्वयानें घ्यावयास हवा होता, असेंही ते त्याच ओघांत बोलले. परंतु सबंध महाराष्ट्रांत आणि दिल्लीपर्यंत पोहोंचला तो आशयाचा एकच तुकडा: मंत्री म्हणतात, कांदा खाऊं नका.

मग व्हावयाचें तें झालें. विरोधी पक्षाच्या वक्त्यांनीं व लेखकांनीं त्यांत सत्तेचा माज पाहिला. मंत्र्यांच्या पक्षाच्या लोकांनीं त्यांत शेतकऱ्याचा कैवार पाहिला. दोन्ही बाजूंनीं पानेंच्या पानें लिहिलीं गेलीं, आणि ज्या शुल्कामुळें हें सारें घडलें त्याविषयीं त्यांत फारच थोडें होतें. मला मात्र नवल वाटलें तें आमच्या ओट्यावर. अण्णा संतापानें थरथरत होते. "गरिबानें कांदा खाऊं नये म्हणतो! याला लाज वाटली पाहिजे!" आणि नाना शांतपणें म्हणत होते, "त्यांत चुकलें काय? शहरवाल्यानें दोन पैसे जास्त द्यावेत, एवढेंच ते बोलले. आपल्याच बाजूचें बोलले." फेब्रुवारींतील संवाद शब्दशः तोच; पात्रांनीं केवळ जागा बदलल्या होत्या.

दोघांपैकीं एकहीजण खोटें बोलत नव्हता. अण्णा ढोंगी नाहींत, नाना तर त्याहून नाहींत. आपण सहा महिन्यांपूर्वीं काय म्हणालों होतों तें त्यांना खरोखरच आठवत नव्हतें. पक्षाभिमानाला आपण बुद्धीचा दोष मानतों, पण प्रथम तो कानाचा दोष आहे. नांव आधीं ऐकूं येतें, वाक्य नंतर; आणि नांव ऐकतांच निकाल लागलेला असल्यामुळें वाक्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभेंच केलें जात नाहीं.

आपल्या नैयायिकांना ही गोष्ट पुरी ठाऊक होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून केलेला तो वाद, जिंकावें म्हणून केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडतां दुसऱ्याची नुसती मोडून काढावयाची ती वितंडा. जल्पांतील एक मुख्य हत्यार म्हणजे छल, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनांत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादून त्याला पराभूत करणें. जुनें उदाहरण घोंगडीचें आहे. या माणसाची घोंगडी 'नव' आहे असें कोणी म्हटलें, तर नव शब्दाचे नवी आणि नऊ असे दोन अर्थ होतात हें पाहून प्रतिपक्षी ओरडतो, "याच्यापाशीं नऊ घोंगड्या कोठें आहेत? एकच तर आहे!" मराठींत याच शब्दाचा 'छळ' झाला आणि अर्थही बदलला, पण भाषेनें फारसा अन्याय केला आहे असें मला वाटत नाहीं. अर्धें वाक्य कापून घेऊन महाराष्ट्रभर मिरविणें हा छल तर आहेच, आणि ऐकणाऱ्याचा छळही आहे.

प्रत्येक मंत्र्याचें प्रत्येक वाक्य छलाला बळी पडतें, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. एप्रिल २०१३ मध्यें, दुष्काळ ऐन भरांत असतां, तेव्हांचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यांतील एका सभेंत धरणांतील पाण्याविषयीं आणि पाण्यासाठीं उपोषणास बसलेल्या एका शेतकऱ्याविषयीं जें बोलले, त्याचा कोणताही सभ्य अर्थ लावतां येत नव्हता. त्यांनीं क्षमा मागितली, आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशीं एक दिवस आत्मक्लेश म्हणून उपोषण केलें. त्या वेळीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष विरोधांत होते. त्यांनीं विधिमंडळ बंद पाडलें, राजीनामा मागितला. आणि मागणी अवाजवी नव्हती. पुढें जुलै २०२३ मध्यें तेच अजित पवार त्या दोन पक्षांच्या सरकारांत पुन्हां उपमुख्यमंत्री झाले. शिवसेना तोंवर दुभंगली होती हें खरें. पण मंत्रिमंडळांत शेजारीं बसलेल्यांपैकीं कित्येकांनीं दहा वर्षांपूर्वीं त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. युत्या बदलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. माझी तक्रार एवढीच कीं, संतापसुद्धां युतीबरोबर आला आणि युतीबरोबर गेला. अपमान खरोखर त्या उपोषणकर्त्याचा झाला होता; तो मात्र कोणत्याच युतींत नव्हता.

टिळक आणि आगरकर १८८२ मध्यें एकाच खटल्यांत १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत होते, आणि पुढें एक 'केसरी'तून व दुसरे 'सुधारका'तून एकमेकांवर जें लिहीत राहिले तें आजच्या मानानेंही जहाल होतें. तेव्हां कलह आम्हां मराठी माणसांना नवा नाहीं. पण तेथें प्रत्येकजण स्वतःच्या वाक्यामागें उभा होता. दुसऱ्याच्या वाक्यावर आपलें भांडण भाड्यानें चालविण्याची रीत निराळी आहे.

आतां माझ्या वर्तनाकडे येतों. त्या आठवड्यांत दोघांनींही मला ओट्यावर बोलावलें. नाना म्हणाले, "बापू, तूं शिकलेला आहेस. तूंच सांग, मंत्री चुकले कां?" फेब्रुवारींतील ती संध्याकाळ मला लख्ख आठवत होती. "अण्णा, हें तुम्हींच बोललां होतां," एवढें एक वाक्य पुरें होतें. तें न बोलतां मी म्हणालों, "दोन्ही बाजूंत कांहीं तथ्य आहे." आमच्या वर्गाचें हें आवडतें वाक्य! त्याला समतोल म्हणतात. थोरल्या भावाचा धाक हें त्याचें एक कारण होतें, आणि तें मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिलों. दुसरें कारण असें कीं, मंत्र्यांच्या पक्षाला मीही मत देत नाहीं, आणि अण्णांचा संताप मला मनांतून गोड लागत होता. पक्षाभिमान्यानें निदान आपला पक्ष सांगितला होता. मी माझा समतोलाखालीं लपविला.

त्याची किंमत लहान नव्हती. दोघांचें बोलणें बंद झालें. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, ज्या तोंडी ठरत, त्या भिंतीवर कोळशानें लिहिल्या जाऊं लागल्या. १४ सप्टेंबरला पोळा होता. ट्रॅक्टर आल्यापासून गांवांत बैल थोडे उरले आहेत. आमच्याकडे एक जोडी, नानांकडे एक. वडिलांच्या काळापासून दोन्ही जोड्या मिळून मारुतीला जात. त्या वर्षीं आमची जोडी चार वाजतां गेली, त्यांची पांच वाजतां. लहान पोरें दोन्हीकडे धांवत होतीं, एवढेंच. पुढें ८ डिसेंबरला निर्यात सर्वस्वीं बंद झाली. दोघांचाही लाल कांदा निघालेला, दोघांचाही भाव कोसळला. आणि भाडें वांचावें म्हणून एक दिवस दोघांचा माल एकाच ट्रॅक्टरांतून उमराण्याला गेला. समेट झाला तो असा. कोणीं कोणाची क्षमा मागितली नाहीं.

त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं, नाना घरीं नसतां, मीं अण्णांना तें एकदांचें सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, बराच वेळ चिलमीशीं चाळा केला आणि म्हणाले, "बोललों असेन. पण मी मंत्री नव्हतों."

हें उत्तर मला वर्गांत कोणींही दिलेलें नव्हतें. अण्णा ओट्यावर बोलले तो कष्टी माणसाचा उसासा होता. त्यानें कोणाच्या ताटांतला कांदा कमी होणार नव्हता. मंत्र्याचें बोलणें मात्र निम्मी कृति असतें. "तर खाऊं नका" असें तो म्हणतो तेव्हां "मग तुम्हीं काय करणार?" असें विचारण्याचा ऐकणाऱ्याला हक्क पोहोंचतो. शब्दप्रमाण मानतांना आपले शास्त्रकारही आप्त कोण हें पाहावयास सांगतात. म्हणजे बोलणारा कोण हा प्रश्न अगदींच गैर नाहीं. तो कोणत्या जागेवरून बोलतो, त्याच्या हातीं काय आहे, हें पाहावेंच लागतें. आणि येथें हेंही पाहावें लागतें कीं, शुल्क दिल्लीनें बसविलें होतें, मंत्री राज्याचे होते. माझ्यापुरतें म्हणाल तर त्या वाक्याचा पूर्वार्ध मला न्याय्य वाटतो. उत्तरार्ध कठोर वाटतो, कारण गाडीवाल्याला उद्देशून सुरू झालेलें बोलणें मध्येंच ज्याला परवडत नाहीं त्याच्यावर घसरलें, आणि ज्याला परवडत नाहीं त्याच्यापाशीं गाडी नसते. अण्णांच्या फेब्रुवारींतील बोलण्यांतही नेमकी तीच घसरण होती. पण हा सारा विचार बोलणाऱ्याच्या पदाचा व शब्दांचा झाला. यांत त्याचा पक्ष कोठेंच विचारावा लागला नाहीं.

मीं अण्णांना विचारलें, "आणि तोच मंत्री आपल्या बाजूचा असता तर?"

ते हंसले. "तर मीं म्हटलें असतें, माणूस खरें बोलला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि तूं रे, बापू?"

विहिरीवरची लाइट रात्रीं आठला येणार होती आणि पाळी आमची होती. माझ्या उत्तराची वाट न पाहतां ते विजेरी घेऊन उठले.