कल्हई

आषाढातल्या शनिवार-रविवारी मामाची जीप दिवसाला चार फेऱ्या मारायची. भुशी धरण, लायन्स पॉइंट, कार्ला, परत. जेवणाचा पत्ता नाही. डोकं ठणकलं की रिकाम्या पोटी गोळी, आणि रात्री पाहुण्यांनी दिलेल्या दोन बिअर. आजी बोलली की तो म्हणायचा, "बिअर थंड असते गं. जाळते ती व्हिस्की."

अमावास्येला आजीनं पाटावर दिवे मांडले होते. बाहेर तिलाच गटारी म्हणतात, ते सोडा. मामा उशिरा आला. समोर इंद्रायणीचा वाफाळता भात होता, पण पहिला घास घेण्याआधीच तो मोरीकडे धावला. उलटी काळी पडली, चहाच्या चोथ्यासारखी.

तळेगावात डॉक्टरांनी दुर्बीण घातली. "चोथा नाही, रक्त आहे ते. आम्लात काळं पडलेलं," ते म्हणाले. "आणि तुमचा हिशेब उलटा आहे. पोटातलं आम्ल जास्त वाढवते ती बिअर, वाइन. व्हिस्कीनं आम्ल तेवढं वाढत नाही, ती थेट अस्तर सोलते. अन्ननलिकेच्या तळाची झडप दोन्हींनी सैल पडते, म्हणून आंबट घशाशी येतं. त्यात तुमच्या गोळ्या. अस्तर राखणारा चिकट थर त्यांनी आधीच पातळ केलेला."

"पण दुखत तर नव्हतं."

डॉक्टर हसले. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या गड्याला बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण पोटाला भोक राहिलं. त्या भोकातून विल्यम ब्यूमाँट नावाच्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं आत पाहिलं आणि १८३३ साली पुस्तक छापलं. गड्यानं आठ-दहा दिवस दारू ढोसली की आत लालभडक चट्टे दिसायचे. "आणि तो? काही दुखत नाही म्हणायचा. तुमच्यासारखाच."

घरी आल्यावर आजी कढी करायला बसली. पितळी पातेलं तिनं उजेडाकडे तिरकं धरलं, आत बोट फिरवलं आणि बाजूला ठेवलं. ताक स्टीलच्या भांड्यात ओतलं.

"त्यात का नाही?"

"कल्हई उडालीय. कळकेल."

मामानं पातेलं ओढून घेतलं. कडेला अजून चांदीसारखं चकाकत होतं, तळाला मात्र पिवळा डाग, तळहाताएवढा. त्यावर तो बराच वेळ अंगठा घासत राहिला.

"डॉक्टर काय म्हणाले?" आजीनं विचारलं.

"सोडली तर आपोआप भरून येतं म्हणाले."

"बरंय की. याला कल्हईवाला शोधावा लागतो. आता कुठं येतात ते दारावर!"

पातेलं जीपच्या मागच्या सीटखाली गेलं. पुढच्या रविवारी लायन्स पॉइंटला धुकं उतरलं होतं. पाहुण्यांनी बर्फातली बाटली पुसून पुढे केली.

"नको," मामा म्हणाला. "कल्हईला टाकलंय."