सवलत कुणाच्या पदरात?

अमेरिकेत अपघातात जखमी झालेल्या माणसाकडे आरोग्य विमा नसला, तर काही डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आधी उपचार करतात आणि पैशांसाठी थांबतात. भरपाई मिळाली की त्यातून तुमचं बिल चुकतं करू, असं जखमीचा वकील त्यांना लिहून देतो. दावा वर्ष-दोन वर्षं रेंगाळू शकतो. अखेर तडजोड होते आणि वकिलाचा फोन येतो : डॉक्टर, बिल जरा कमी करा.

हे मागणं रास्त आहे का? हिशेब मांडून पाहू. भरपाई १ लाख डॉलर मिळाली. वकिलाची फी तिथे बहुधा एक तृतीयांश असते. ३३ हजार तिकडे गेले. रुग्णालयाचं बिल ६० हजार. ज्याचा पाय मोडला, रोजगार बुडाला, त्याच्या हाती जेमतेम ७ हजार उरतात. अशा वेळी बिल कमी करून मागणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे. शिवाय मोठ्या रुग्णालयांचे जाहीर दर विमा कंपन्यांकडून प्रत्यक्षात मिळणाऱ्या रकमेपेक्षा बरेच चढे असतात. त्यावर दिलेल्या सुटीला त्याग म्हणता येणार नाही.

एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची गोष्ट वेगळी. शब्दावर विसंबून त्याने पैसे थांबवलेले असतात. त्याला अर्ध्यावर यायला सांगणारा वकील स्वतःच्या फीतला एक डॉलरही सोडत नसेल, तर ते दुसऱ्याच्या खिशातून केलेलं दान आहे. असे अनुभव आले, की पुढच्या विमा नसलेल्या जखमीला तोच दवाखाना नाही म्हणेल. बिल कमी करून घेण्याची वेगळी फी लावणारे वकीलही आहेत. जखमीसाठी मागितलेल्या सवलतीतून स्वतःचा वाटा काढणं मला अनीतीचं वाटतं.

इलिनॉय राज्याच्या कायद्यात याचं एक उत्तर सापडतं. भरपाईवरचा डॉक्टर आणि रुग्णालयांचा एकूण हक्क तिथे ४० टक्क्यांवर थांबतो. तो तिथवर पोहोचला, की वकिलाचा हक्कही ३० टक्क्यांपलीकडे जात नाही. निदान ३० टक्के जखमीसाठी राहतात. सोडायचं तर दोघांनीही सोडायचं, हे यातलं तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. मात्र भरपाईवरचा हक्क संपला तरी रुग्णाचं देणं आपोआप फिटत नाही. म्हणून डॉक्टरांनी मान्य केलेली रक्कम अंतिम आहे आणि पुढे काहीही मागणार नाही, हे वकिलाने लेखी घ्यायलाच हवं.

आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तरीही अपघातग्रस्ताच्या नावाने रुग्णालयात सूट मागितली जाते, तेव्हा कसोटी हीच लागते. सूट मागणाऱ्याने संपूर्ण वाटणीचा कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, स्वतः काय सोडलं ते सांगावं आणि वाचलेला प्रत्येक पैसा जखमीच्या हाती द्यावा. एवढं करण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्याच्या मेहनतान्यात कपात मागण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.