माळेगावच्या खंडेरायाला

खंडेराया, मार्गशीर्षातली यात्रा आटोपली, लालकंधारी बैलांच्या दावणी उठल्या आणि माळावर शेण, कडबा आणि भंडाऱ्याचा पिवळा थर उरला. गर्दीत तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून आज आलो. मी लोह्याचा. आमचं लोहा आधी कंधार तालुक्यातच होतं, त्यामुळे कंधारचं मागणं मी मागितलं तर तुला परकं वाटणार नाही.

देवा, कंधारच्या किल्ल्याला 1631 साली पडलेला वेढा तुला आठवत असेल. आम्ही विसरलो. कंधार म्हटलं की जग अफगाणिस्तानातल्या कंदाहारकडे बघतं. शाहजहानच्या फौजा तिथे 1649, 1652 आणि 1653 असं तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा हात हलवत परतल्या. आमचं कंधार मात्र त्यांनी घेतलं होतं. पयाग नावाच्या चिताऱ्यानं बादशहाच्या पादशाहनाम्यासाठी या वेढ्याचं चित्र काढलं, ते आज इंग्लंडात विंडसरच्या राजसंग्रहात आहे. आमच्या कंधारचा, त्या चित्रातला धूर आम्हाला छापील पानावर बघावा लागतो.

किल्ला निजामशाहीचा होता. मलिक अंबर जाऊन पाच वर्षं झाली होती, दौलताबादचा दरबार आतून पोखरला होता आणि तेलंगणाच्या तोंडावरचं हे ठाणं सादिक नावाच्या किल्लेदाराच्या भरवशावर होतं. बाहेर बादशहाचा नासिरीखान. निजामशहाचा मुकर्रबखान आणि विजापूरचा रणदुल्लाखान मदतीला आले, पण वेढा उठला नाही. सादिकनं चार महिने एकोणीस दिवस किल्ला लढवला. मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, तो शरण आला. शिवनेरीवर शिवबा तेव्हा सव्वा वर्षाचे होते. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरला मुमताज महल बाळंतपणात गेली. ज्याच्या हुकमानं वेढा पडला, त्याच्याही घरात दुःख शिरलं.

पण देवा, त्या सालाचा खरा मालक दुष्काळ होता. 1630 ला पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. अशा साली आत कोंडलेली माणसं धान्य कसं मोजत असतील, आणि बाहेरची फौज कोणाच्या कणगीतलं खात असेल, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

त्या वेढ्यातला मला सगळ्यात जास्त आठवतो तो तट उडवायला जमिनीखालून सुरुंग खोदणारा. आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हा मी आत उतरलो होतो. वर काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग काळा पाषाण. टिकाव एकदा आपटला की ठिणगी उडायची आणि टवका निघायचा नखाएवढा. थोडं खाली गेलं की श्वास जड व्हायचा, आणि वर बघितलं की आभाळ परातीएवढं दिसायचं. त्या माणसाला तर परातीएवढंही आभाळ नव्हतं. वर खंदकाचं पाणी आणि शत्रूचा तट, मागे दारूच्या पिशव्या. आपण कोणासाठी खोदतोय, हे त्याला धड कोणी सांगितलं असेल का? त्याचं नाव एकाही बखरकारानं लिहिलं नाही. तटावरून गरम तेल ओतणाऱ्याचंही नाही.

नासिरीखानाला पुढे खान-ए-दौरान हा किताब मिळाला. 1636 ला त्यानं उदगीर आणि औसा घेतलं. उदगीरला सिद्दी मिफ्ताह लढला, हरला आणि हबशखान होऊन मोगलांच्याच चाकरीत गेला. 1645 ला लाहोरला खान-ए-दौरानचा खून झाला. इतकी वर्षं किल्ले घेतले, आणि शेवट असा.

मल्हारी, तुला हे सांगायचं कारण आहे. मल्ल दैत्याला तू मारलंस, पण मरताना त्यानं मागितलं म्हणून त्याचं नाव स्वतःच्या नावात घेतलंस. त्या मल्लाचा अरी तू, म्हणूनच मल्हारी. त्याच्या भावाला, मणीलाही जवळ जागा दिलीस. मुसलमान भक्त तुला मल्लूखान म्हणतात, तेही तू चालवून घेतलंस. वैऱ्याचं नाव रोज अंगावर वागवणारा देव मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तुझ्याकडेच मागतो.

सादिकला तू तुझ्या पायरीशी जागा दे. तो आमच्या मातीसाठी नव्हे, आपल्या मिठासाठी लढला, तरी लढला. नासिरीखानालाही दे. आमच्या पोरांना किल्ल्यावर ने, पण तटावर नाव कोरायला नको, नावं वाचायला ने. कोण आपला आणि कोण परका, याचा हिशेब त्यांना 1631 च्या मढ्यांवर मांडायला लावू नकोस. कंधारच्या दर्ग्यात हाजी सय्याह सरवर मखदूम झोपले आहेत, त्याच गावात राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाचे अवाढव्य दगडी अवशेष आहेत. दोघांच्याही अंगणात आमचं पोर खेळू दे. आणि पाऊस वेळेवर दे, देवा. माझं मोठं मागणं तेच आहे.

ही भंडाऱ्याची मूठ. एक चिमूट सादिकची, एक नासिरीखानाची आणि उरलेली सगळी त्या बिननावाच्या सुरुंगवाल्याची. येळकोट येळकोट जय मल्हार.