मोजदादीबाहेरचं चाहतेपण

२९ ऑगस्ट २००६ रोजी चीनमधल्या शांघाय-हांगझौ महामार्गावर एक मोटार ट्रकवर आदळली. मोटारीत तेवीस वर्षांचा हू गे हा नट होता. आदल्याच वर्षी ‘चायनीज पॅलाडिन’ या मालिकेनं त्याला घराघरांत पोचवलं होतं आणि आता तो जिन योंग यांच्या गाजलेल्या कादंबरीवरच्या मालिकेत नायकाचं काम करत होता. अपघातात त्याची सहायक दगावली. त्याच्या चेहऱ्यावर आणि मानेवर शंभरहून अधिक टाके घालावे लागले. निर्मात्यांनी चित्रीकरण थांबवलं, त्याची वाट पाहिली आणि जवळपास वर्षभरानं तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

२०१५मध्ये ‘निर्वाणा इन फायर’ ही ५४ भागांची मालिका आली. तिचा नायक लिन शू हा तरुण सेनानी. राजद्रोहाचा खोटा आरोप लादून त्याच्या सत्तर हजार सैनिकांची कत्तल होते. तो वाचतो, पण विषबाधेवरच्या उपचारांत त्याचा चेहरा बदलतो, शरीर खंगतं. बारा वर्षांनी मेइ चांगसू या नावानं तो राजधानीत परततो. जिवाभावाचा मित्रही त्याला ओळखत नाही. मेलेल्या सोबत्यांवरचा कलंक पुसणं एवढ्यासाठीच तो जगत असतो. ही भूमिका हू गेनं केली आणि तिच्यासाठी पुढच्या वर्षी त्याला शांघाय दूरचित्रवाणी महोत्सवाचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

ही मालिका एरवीही उत्तम आहे. पण ‘चायनीज पॅलाडिन’मधला खानावळीत वाढलेला खट्याळ पोरगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मेइ चांगसूच्या संथ हालचालींत आणि आवरून धरलेल्या नजरेत आणखी काही दिसतं. अभिनय कसा परिपक्व होतो, हे त्यांना दिसतं. मधल्या काळात हा नट स्टॅन लाय यांच्या सुमारे आठ तासांच्या ‘अ ड्रीम लाइक अ ड्रीम’ या नाटकात मरणपंथाला लागलेल्या रुग्णाचं काम करत होता, हे माहीत असलं तर ती परिपक्वता कुठून आली याचाही अंदाज येतो. माझ्या मते चाहतेपण म्हणजे हे अधिकचं दिसणं. ते विकत मिळत नाही. एका माणसाचं काम वर्षानुवर्षं मन लावून पाहिलं तरच ते हाती लागतं. चिनी मालिकांच्या जगात गेल्या दशकात जे घडलं ते पाहताना मला सारखं वाटत राहतं, की हेच अधिकचं दिसणं तिथे सगळ्यात आधी हरवलं. त्याची जागा आकड्यांनी घेतली.

तिथे चाहत्यांच्या बोलण्यात एक वाक्प्रयोग रुळला आहे: ‘डेटा करणं’. आपल्या नटाची पोस्ट पुन्हापुन्हा पुढे पाठवायची, त्याच्या नावाची चर्चा क्रमवारीत वर ठेवायची, प्रतिक्रियांमध्ये कौतुक वर येईल आणि टीका खाली दबेल अशी व्यवस्था करायची, त्याची जाहिरात असलेला माल घाऊक घ्यायचा. कामांची वाटणी होते, पाळ्या लागतात. हे सगळं विनावेतन चालतं. यामागे साधं गणित आहे. निर्माते आणि जाहिरातदार नटाची किंमत या आकड्यांवरून ठरवतात. आपण काम केलं नाही तर त्याला पुढची भूमिका मिळणार नाही, ही भीती चाहत्याच्या मनात घर करते. प्रेमाला कष्टाला जुंपण्यासाठी एवढी भीती पुरते.

हे आकडे किती पोकळ असतात, हे २०१८मध्ये दिसलं. त्साय शूकुन या तरुण गायकाची वेइबो या चिनी समाजमाध्यमावरची एक पोस्ट दहा कोटींहून अधिक वेळा पुढे गेली. वेइबोच्या तेव्हाच्या एकूण वापरकर्त्यांशी हा आकडा ताडून पाहिला तर दर तीन-चार माणसांमागे एकानं ती पोस्ट पाठवली असं मानावं लागलं असतं. पुढे खोटा प्रतिसाद निर्माण करणारं ॲप चालवणाऱ्यावर कारवाई झाली. मे २०२१मध्ये तर आणखी वाईट दृश्य समोर आलं. आयचियी या कंपनीच्या ‘यूथ विथ यू’ या स्पर्धेत मत देण्याचा कोड प्रायोजकाच्या दुधाच्या बाटलीच्या झाकणाआड असे. मतं हवी होती, दूध नको होतं. माणसं ओळीनं बसून बाटल्या उघडताहेत आणि दूध गटारात ओतताहेत, अशी चित्रफीत देशभर फिरली आणि अंतिम फेरी रद्द करावी लागली. त्या दुधाला चाहत्यांइतकेच, किंबहुना जास्त, झाकणाआड मत ठेवणारे जबाबदार होते.

नटांच्या बाबतीत या साऱ्याची सगळ्यात कडू फळं शियाओ झानच्या वाट्याला आली. २०१९च्या उन्हाळ्यात टेन्सेंट या कंपनीच्या व्हिडिओ मंचावर ‘द अनटेम्ड’ ही ५० भागांची मालिका आली आणि तो व वांग यीबो हे दोघं एका मोसमात प्रसिद्धीच्या शिखरावर गेले. मालिका ज्या कादंबरीवर बेतली होती ती इंटरनेटवर क्रमशः लिहिली गेलेली, दोन पुरुषांच्या प्रेमाची. पडद्यावर सेन्सॉरच्या धाकानं त्या प्रेमाची जिवलग मैत्री झाली. तरीही दोन्ही नटांनी नजरेतून, थांबण्यातून आणि वळून पाहण्यातून पुष्कळ काही सांगितलं. फेब्रुवारी २०२०मध्ये शियाओ झानला पात्र करून कोणी तरी एक काल्पनिक कथा लिहिली. त्याच्या काही चाहत्यांना त्यातलं चित्रण अपमानास्पद वाटलं आणि त्यांनी सामूहिक तक्रारींची मोहीम उघडली. २९ फेब्रुवारीला, ही कथा जिथे प्रसिद्ध झाली होती ते ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे जगभरच्या हौशी लेखकांचं संकेतस्थळ चीनमध्ये बंद झालं. आदल्याच वर्षी या संकेतस्थळाला ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. हजारो लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी आपला राग शियाओ झानवर काढला. तो ज्यांच्या जाहिराती करत होता त्या मालावर बहिष्कार पडला आणि त्याच्या कार्यालयाला माफी मागावी लागली.

या प्रकरणात नटानं काहीच केलं नव्हतं. त्याच्या रक्षणासाठी निघालेल्यांनीच त्याला अडचणीत आणलं. ज्या मुक्त, हौशी लेखनाच्या परंपरेतून त्याची सर्वोत्तम भूमिका आली, तिचंच दार त्यांनी बंद करवलं. आवडत्या माणसासाठी सत्तेकडे तक्रार करणं हे प्रेमाचं कृत्य आहे असं ज्यांना वाटलं, त्यांना मी क्रूर म्हणणार नाही. रोज आकडे राखत बसलेल्या माणसाला प्रत्येक वेगळा आवाज शत्रूचा वाटू लागतो. त्यांचं तसंच झालं.

ऑगस्ट २०२१मध्ये चीनच्या सायबर नियामकानं दहा कलमी आदेश काढला. कलाकारांच्या क्रमवाऱ्या बंद, अल्पवयीनांच्या खर्चावर बंदी, कुणी किती खरेदी केली ते जाहीर करायचं नाही. यातल्या काही गोष्टी योग्यच होत्या. पण त्याच महिन्यात राज्यसत्तेचा दुसरा चेहराही दिसला. ‘वर्ड ऑफ ऑनर’ या मालिकेनं त्याच वर्षी नावारूपाला आलेल्या झांग झेहानची जपानमधल्या यासुकुनी देवस्थानातली जुनी छायाचित्रं बाहेर आली. या देवस्थानात दुसऱ्या महायुद्धातल्या ‘अ’ वर्गातल्या युद्धगुन्हेगारांनाही मान दिला जातो. चिनी माणसाची ही जखम महाराष्ट्राला परकी नाही. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या चीनमध्ये १९३८ साली वैद्यकीय पथकातून गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच जखमींची सेवा करता करता १९४२मध्ये गेले. म्हणून चिनी प्रेक्षकांचा संताप मला समजतो. झांग झेहाननं माफीही मागितली. मात्र त्यानंतर जे झालं ते शिक्षेपलीकडचं होतं. त्याची मालिका आणि गाणी हटवली गेली. त्या मालिकेत त्याच्या शेजारी उभे असलेले नट, लेखक, वेशभूषाकार, संगीतकार यांची मेहनतही त्याच्याबरोबर अदृश्य झाली. कंपनी नटाला आकड्यात बदलते आणि सत्ता त्याला शून्यात बदलते. दोन्हीकडे त्याच्या कामाला किंमत उरत नाही.

इथे दूरच्या प्रेक्षकाचा प्रश्न येतो. जून २०२०मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान हुतात्मा झाले. त्यानंतर भारत सरकारनं बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांमध्ये वेइबो होतं. नोव्हेंबरमधल्या ४३ ॲपांच्या यादीत टेन्सेंटचं वीटीव्हीही होतं. अशा स्थितीत पुण्यात किंवा पणजीत बसून चिनी नटाचं कौतुक करावं का, असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. नट म्हणजे राज्यसत्ता नव्हे, एवढं म्हणून तो सुटत नाही, कारण चिनी नटांना सत्तेची भाषा बोलावी लागते. मार्च २०२१मध्ये शिनजियांगच्या कापसामागच्या सक्तीच्या मजुरीच्या आरोपांवरून वाद पेटला तेव्हा वांग यीबोसह अनेकांनी परदेशी कंपन्यांशी असलेले करार जाहीरपणे मोडले. त्यात निष्ठा किती आणि धाक किती हे बाहेरून ओळखता येत नाही. अशा वेळी चाहत्यानं नटाची वकिलीही करू नये आणि त्याला मोकळेपणी देता येणार नाही अशी कबुलीही त्याच्याकडे मागू नये. त्याच्या कामाचं मूल्य मान्य करावं आणि त्याच्या मौनाचं कारण डोळे उघडे ठेवून पाहावं.

आणि या दूर असण्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपल्याला तिथे मत देता येत नाही, क्रमवारी हलवता येत नाही, झाकणाआडचा कोड टिपता येत नाही. आपल्या हाती फक्त पाहणं उरतं. आणि पाहत राहिलं की कळतं, पाहण्यासारखं किती आहे. ‘द अनटेम्ड’मध्ये ज्या आवाजावर आपण भाळलो तो शियाओ झानचा नाही, लू झिशिंग या आवाज-कलावंताचा आहे. वांग यीबोच्या पात्राला ब्यान ज्यांगनं आवाज दिला. मग त्या दोघांचं काम शोधावंसं वाटतं. २०२३च्या डिसेंबरात दिग्दर्शक वोंग कार-वाईंची ‘ब्लॉसम्स शांघाय’ ही मालिका आली. तिच्या शांघायी बोलीतल्या आवृत्तीत हू गे स्वतःच्या जन्मगावाची बोली बोलतो आणि त्याचा सगळा ताल बदलतो. मग बोली आणि अभिनय यांचं नातं उमगतं. जानेवारी २०२३मध्ये त्यानं आपल्याला मुलगी झाल्याचं जाहीर केलं. तोवर त्याचं लग्नही लोकांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याचं काम पाहणाऱ्यांचं त्या अज्ञानानं काहीही बिघडलं नव्हतं.

विमानतळावर दुर्बिणीएवढी भिंगं रोखून उभं राहणं, नटाच्या हॉटेलातल्या खोल्यांचे क्रमांक विकत घेणं, आकड्यांच्या पाळ्या लावणं यांतलं काहीही नटाला घडवत नाही. त्याला घडवतो तो त्याची फसलेली भूमिका ओळखणारा, चांगली भूमिका दुसऱ्यांदा पाहणारा आणि त्याच्याबरोबर दिग्दर्शक, लेखक व सहकलावंतांचीही नावं लक्षात ठेवणारा प्रेक्षक. नट चिनी असो, कोरियन असो की मराठी, वाचकांना माझं एवढंच आवाहन आहे: जो आवडतो त्याचं पहिल्यापासूनचं काम शोधून पाहा, त्याच्याविषयी नीट लिहा, चुकला तर तसं सांगा, त्याचं घर त्याला राहू द्या. आपलं लक्ष ही त्याला देण्याजोगी आपल्यापाशी असलेली सर्वात मोठी गोष्ट आहे. ती कुणाच्याही हिशेबाच्या वहीत जाऊ देऊ नका.