अक्षर आणि आचरण



त्रिशरण-पंचशील आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण पाठ असणे म्हणजेच आचरणे काय? जपानमधील एका बौद्ध परंपरेच्या उदाहरणाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहू.

जपानमध्ये शाकुहाची नावाची बांबूची बासरी आहे. तिची लांबी १ शाकू ८ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, नावही त्यावरूनच पडले. पुढे चार भोके, मागे एक. ती उभी धरून वरच्या तासलेल्या कडेवर फुंकतात. झेनच्या फुके पंथाचे कोमुसो चेहरा झाकणारी विणलेली टोपली डोक्यावर घालून ती वाजवीत आणि भिक्षा मागत. फुंकणे हेच त्यांचे ध्यान होते.

'चोशी' ही या परंपरेतील एक छोटी रचना, नवशिक्यालाही शिकवली जाणारी. तिची लिपी वरून खाली, उजवीकडून डावीकडे वाचायची. अक्षरे रो, त्सु, रे, ची अशी. रो म्हणजे सगळी भोके झाका. त्सु म्हणजे सर्वांत खालचे उघडा. अक्षर मुख्यतः बोटांचे काम सांगते. श्वास कसा सोडावा, सूर कोठे विरू द्यावा, हे गुरूजवळ बसून, ऐकून, स्वतः फुंकूनच कळते. नवशिका रो वाचतो, भोके झाकतो, जोर लावून फुंकतो आणि नुसती हवा निघून जाते. अक्षर बरोबर, बोटे बरोबर. सूर मात्र नाही! भगवान बुद्धांनी सोणाला दिलेला वीणेचा दृष्टांत येथे आठवतो. तार अति ताणली तरी वीणा नीट वाजत नाही, सैल सोडली तरी नाही.

मग लिपी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्या आपण तरी असे म्हणू नये. एदो काळात (१६०३-१८६८) फुके पंथाचा रीतसर प्रवेश सामुराई वर्गापुरता राखलेला होता. बुद्धाच्या नावाने जन्माची भिंत! १८७१ साली मेइजी सरकारने तो पंथच बंद केला. पंथ गेला, बासरी उरली. कारण पंथाबाहेरची माणसेही ती शिकत होती. आज कोणत्याही घरात जन्मलेला माणूस ती लिपी उघडून बसू शकतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. ती आपली लिपी. तिने दार उघडले. आत पाऊल आपण टाकायचे आहे. सर्व माणसे समान, असे आपण त्या प्रतिज्ञांत म्हणतो. मग भिंतीवर बुद्धाची तसबीर लावून मुलीचे स्थळ पाहताना पोटजात का विचारतो? बोटे बरोबर, पण सूर नाही, अशीच ही अवस्था नव्हे काय?

कोमुसो एकटा फुंकू शकत होता. बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म मात्र माणसामाणसांतील व्यवहारात आहे. त्याचा सूर शेजाऱ्याला ऐकू आला पाहिजे.

शाकुहाचीचा विद्यार्थी रो हा एकच सूर धरून रोज बसतो. वाचकहो, आपणही २२ पैकी एक प्रतिज्ञा निवडा. ती म्हणू नका. आजपासून वागून पाहा.

जय भीम!