गाठींचा हिशेब

धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव. दिवाळी सरली की तिथं घरोघर कुलपं लागतात. पातेली, कोयते, लेकरं गाडीत घालून माणसं सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि चार-पाच महिने ती फडात राबून फेडायची.

त्या गावातले एक आबा साठी उलटली तरी जातच होते. ते बैलगाडी हाकायचे, आजी मोळ्या बांधायची. २०२४ च्या पाडव्याला दोघं गावी आले आणि चैत्र सरायच्या आत आबा गेले.

तेराव्याच्या आदल्या दिवशी नातवानं खुंटीवरची बंडी काढली. खिशात चंची होती, तिच्यात सुपारीची खांडं, चुन्याची डबी, छोटा अडकित्ता. कोयत्याला धार लावून लावून झिजलेला कानसेचा तुकडा होता, पायातला काटा काढायचा चिमटा होता, भगवानबाबांचा कडा दुमडलेला फोटो होता. पैसा एकही नव्हता. आतल्या खिशात मात्र गुंडाळून ठेवलेला एक लांब पांढरा दोरा निघाला. त्यावर गाठीच गाठी. मधेच कुठं कुठं काळ्या दोऱ्याचा वेढा.

“ही हंगामाची वही हाय त्यांची,” आजी म्हणाली. “अक्षर येत नव्हतं. कारखान्याच्या काट्यावर गाडी खाली झाली की एक पांढरी गाठ. खाडा पडला की काळा वेढा.”

तेरावं उरकलं आणि मुकादम ओसरीवर येऊन बसला. दोन गोष्टी बऱ्या बोलला, मग पिशवीतून वही काढली. “मावशी, वेळ बरी न्हाई, पण सांगावं लागतं. उचल पुरती फिटली न्हाई. बाकी आता पोराच्या नावावर धरतो.”

माणूस गेलं तरी बाकी जात नाही, हे त्या गावाला नवं नव्हतं. घरातले खाली मान घालून ऐकत राहिले. नातू बारावी झालेला. त्यानं विचारलं, “अण्णा, गाड्या किती लिहिल्यात?” मुकादमानं आकडा सांगितला. नातवानं दोरा मांडीवर पसरला आणि एकेक गाठ बोटानं पुढं सारत मोजली. नऊ गाड्या जास्त भरल्या.

“दोऱ्याला कोण पुसतं? गाठी काय, कुणीबी मारील,” मुकादम म्हणाला. “माझ्याकडं कागद हाय. पाच खाडे बी लिहिलेत.”

नातवाची नजर काळ्या वेढ्यांवर गेली. ते सहा होते. एका खाड्याचा दंड म्हणजे अंगमेहनतीचे पैसे. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? त्यानं आजीकडं पाहिलं.

“सांग की,” आजी म्हणाली. “बैल लंगडत होता त्या दिवशी गाडी जुंपली न्हाई. तुझ्या आबानं वेढा घातलाय तो सांगण्यासाठीच.”

“अण्णा, खाडे सहा आहेत. तुमच्या वहीत एक कमी आहे,” नातू म्हणाला.

मुकादम थांबला. दोरा हातात घेऊन त्यानं वेढे मोजले, मग गाठीही मोजल्या. ओसरीवर टोळीतले दोन गाडीवान बसले होते. त्यातला एक म्हणाला, “स्वतःचा खाडा जो लपवीत न्हाई, तो गाडी कशाला वाढवील?” मुकादमानं पेन उघडलं, सहावा खाडा लिहिला आणि त्याखाली नऊ गाड्या मांडल्या. बाकी उरली नाही. उलट आजीचेच थोडे पैसे मुकादमाकडं निघाले.

त्याच वर्षी जानेवारीत ऊसतोड मजुरांचे दर ठरवणाऱ्या लवादानं तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य केली होती. टोळीत सगळे त्यावर खूश होते. पण दर वाढला आणि टनच वहीत कमी चढले, तर ती वाढ मजुराच्या पदरात कशी पडायची? पुढच्या हंगामात नातू टोळीबरोबर गेला तो एक जाड वही घेऊन. रोज संध्याकाळी कोपीपुढं बसून तो प्रत्येक गाडीची काट्याची पावती बघून वजन लिहायचा. खाडेही लिहायचा, ज्याचे त्याच्या तोंडावर. आठवड्याला मुकादमाची सही घ्यायचा.

सुरुवातीला एक-दोघं कुरकुरले, “आपले खाडे आपणच कशाला लिहायचे?” नातवानं त्यांना सांगितलं, “फायद्याचंच लिहिलं तर ही नुसती तक्रार होईल. तोट्याचंही लिहिलं तरच हिला हिशेब म्हणतील.”

गरिबाजवळ वकील नसतो, साक्षीदारही सहसा नसतो. त्यानं आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीवर सोडू नये. आणि स्वतः ठेवलेला हिशेब आपल्या विरुद्ध जातो तिथंही खरा ठेवावा, म्हणजे हक्काचं मागताना आवाज चढवावा लागत नाही.