रविवार कोणाच्या विश्रांतीचा?



अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात १८७३ पासून रविवारी शिकारीला बंदी होती. पुढे कोल्हे, कावळे अशा काही प्राण्यांपुरती सूट मिळाली. पण हरणामागे रविवारी बंदूक घेऊन जाता येत नसे. २०१९ च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार खुले झाले. खासगी जमिनीवर रविवारी शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी हवी, अशी अटही त्यात होती. जुलै २०२५ मध्ये गव्हर्नर जॉश शपिरो यांनी जुनी बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात १३ रविवार शिकारीसाठी खुले झाले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. शनिवारीही कामावर जाणारा बाप म्हणतो, मुलाला घेऊन रानात जायला मला रविवारच मिळतो. हरणे फार वाढली की पिकांची नासाडी होते, हेही खरे. उलट बाजूने शेतकरी म्हणतो, आठवड्यातून एक दिवस तरी माझ्या बांधावर गोळीचा आवाज नको. रानवाटांनी फिरणाऱ्यांनाही तो एक दिवस निर्धास्त हवा असतो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. मग या वादाशी आपला काय संबंध? संबंध बंदुकीशी नाही, रविवारशी आहे. कायद्याने कुलूप काढले म्हणजे प्रभूचा दिवस संपला का? आणि कुलूप होते तोवर तो पाळला जात होता का?

सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला. त्याआधीची जवळजवळ तीन शतके रविवार हा कामाचाच दिवस होता. तरी आपले पूर्वज पहाटे जमत, भाकर मोडत आणि मग कामावर जात. त्यांचा रविवार कोणत्याही सरकारने सांभाळला नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली रविवारविषयी प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात हा दिवस प्रभूचा, ख्रिस्ताचा, ख्रिस्तसभेचा आणि माणसाचाही आहे, असे त्यांनी शिकवले.

माणसाचा म्हणजे कोणत्या माणसाचा? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव विश्रांतीची आज्ञा देतो, तेव्हा तो बैलाचे, गाढवाचे, दासीच्या मुलाचे आणि परक्याचे नाव घेतो. त्याच्या आधीच्याच वचनात सातव्या वर्षी पडीक ठेवलेल्या शेतातले उरलेसुरले रानातल्या जनावरांनी खावे, असे सांगितले आहे. ज्यांना स्वतःहून सुट्टी मागता येत नाही, त्यांची आठवण देव आधी ठेवतो.

आपल्या मुंबईतही हेच घडले. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिला आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण दमलेल्या माणसाला विश्रांती हवी, ही देवाची इच्छा त्यांच्या हातून पूर्ण झाली.

आता आपण स्वतःकडे पाहू या. आपण रविवारी सकाळी मिस्साला येतो, समोरासमोर शांती देतो. त्याच वेळी आपल्या घराचा स्लॅब टाकायला मजूर आलेले असतात, कारण आपल्याला सुट्टी असते. घरी पाहुणे जेवणार म्हणून कामवाल्या बाईला लवकर बोलावलेले असते. आपली दुकाने मिस्सा संपताच उघडतात आणि त्यात राबणारा पोरगा आठवडाभर घरी बसलेला नसतो. पेन्सिल्व्हेनियातल्या शिकाऱ्याला शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागली. आपण या माणसांना कधी विचारले आहे का?

येत्या रविवारी एक गोष्ट करू या. आपल्या सुखासाठी ज्याचा रविवार जातो, अशा एका माणसाला आपण घरी राहू देऊ आणि त्याचा दिवसाचा पगार कापणार नाही. स्वयंपाक थोडा साधा होईल, स्लॅब सोमवारी पडेल.

शब्बाथ माणसासाठी झाला, असे सांगणारा प्रभू येशू आपल्याला असा रविवार पाळण्याची कृपा देवो. आमेन.